भिंत वाळायचे दिवस

आश्विन लागला की आमच्या प्रयोगशाळेत एक वास सुटतो. तापलेल्या काचलोकरीचा, जुन्या वायरींचा, थोडासा इस्त्रीच्या कपड्यासारखा. पावसाळ्यात दुरुस्तीसाठी उघडं पडलेलं यंत्र भादव्याच्या अखेरीस बंद होतं, त्याच्या अंगाभोवती तापवणाऱ्या पट्ट्या आवळल्या जातात आणि मग दिवसचे दिवस ते नुसतं गरम होत राहतं. आम्ही त्याला बेकिंग म्हणतो. बाहेर ऊन स्वच्छ पडलेलं असतं, बांधाबांधावर गवताला तुरे आलेले असतात, लोक घरं रंगवायला काढतात. यंदाही एका सकाळी जिना चढताना तो वास आला आणि मी कठड्याला धरून मधल्याच पायरीवर थांबलो. गेली तीन वर्षं या वासाबरोबर माझी मान आपोआप खाली जाते.

आमचं यंत्र म्हणजे मेदूवड्याच्या आकाराचं एक पोलादी भांडं आहे, माणूस वाकून आत शिरेल एवढं. त्यातली हवा पूर्ण काढून घ्यायची, चिमूटभर हायड्रोजन सोडायचा आणि तो इतका तापवायचा की त्याच्या अणूंची शकलं होऊन प्लाझ्मा व्हावा. सूर्याच्या पोटात जे जळतं, त्याच जातीचं. हा प्लाझ्मा कुठल्याही भांड्यात राहणार नाही, म्हणून त्याला चुंबकाच्या अदृश्य दोऱ्यांनी अधांतरी बांधून ठेवतात. भिंतीला त्याचा स्पर्श होऊ नये यासाठी सगळी धडपड. तरीही तो किती वेळ टिकेल, किती तापेल, हे बरंचसं भिंतच ठरवते. या कामात शिरलो तेव्हा मला ही गोष्ट फार विचित्र वाटली होती. ज्याला शिवायचंच नाही, त्याचं एवढं काय?

पण भिंत कोरडी दिसते तेव्हाही कोरडी नसते. पावसाळ्याची हवा तिने पिऊन ठेवलेली असते. पाण्याचा एक अदृश्य थर पोलादाला चिकटून असतो, त्यात प्राणवायू, कार्बन, कुणाच्या बोटांचं तेल. प्लाझ्मा पेटला की त्याच्या आचेनं हे सगळं सुटून आत येतं. हे पाहुणे हायड्रोजनपेक्षा जड. ते प्लाझ्मातली ऊब घेतात आणि उजेड करून उधळून टाकतात. प्लाझ्मा कडेपासून थंडावत जातो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत कोसळतो. भिंत स्वतः प्यायलेला हायड्रोजनही परत देत राहते, पण थंड करून देते. म्हणून आधी भिंत तयार करायची. ती तापवून पाणी बाहेर काढायचं, मग विजेनं मंद पेटवलेल्या हेलियमनं तिला घासायचं, शेवटी बोरॉनचा केसाहून कितीतरी बारीक लेप द्यायचा. असं केलं की तेच चुंबक, तीच वीज, आणि प्लाझ्मा दुपटीनं टिकतो. माझं सगळं आयुष्य या तयारीत गेलं. भिंत वाळवणारा माणूस, असं कुणी म्हटलं तर मला वाईट वाटणार नाही.

वाईट वाटणार नाही, कारण माझे वडील गवंडी होते.

देऊळघाटात आमच्या आळीतली अर्धी घरं बाबांच्या हातची. ते भिंतीचा ओलावा हाताच्या पालथ्या बाजूनं पाहत. तळहाताला घट्टे पडलेले, त्याला काही कळत नाही, असं म्हणत. कधीकधी गाल लावून पाहत. घरमालक घाई करायचा, विजयादशमीच्या आत रंग झाला पाहिजे म्हणायचा, आणि बाबा शांतपणे म्हणायचे, "भीत वली हाय. मी मारून देईन रंग, पन दिवाळीले पोपडे तुमीच मोजजा." माझं काम मी त्यांना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा सूर्य, चुंबक, कोटी अंश वगैरे त्यांनी भक्तिभावानं ऐकून घेतलं. भिंत वाळवण्याशी आलो तेव्हा मात्र त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"म्हंजे सर्दावलेल्या भितीवर चुना नाई धरत, तसं?"

"तसंच."

"मंग एवढं शिकाले कायले गेला होता? मी घरीच सांगतलं असतं."

ते खूप हसले. त्यानंतर ते माझ्या कामाकडे कारागिराच्या नजरेनं पाहायला लागले. दरवर्षी या दिवसांत फोन करून विचारायचे, भिंत लागली का वाळायला? आम्हा दोघांत बोलण्यासारखं फार काही नव्हतं. मी पुस्तकातला मुलगा, घरात असूनही नसल्यासारखा. ही भिंत तेवढी आमच्यात होती आणि ती आम्हाला जोडून होती.

तीन वर्षांपूर्वी श्रावणात मी देऊळघाटला गेलो तेव्हा बाबांचं ऑपरेशन होऊन महिना झाला होता. आतड्याचा आजार. पोटावर एक पिशवी लावली होती, आणि घाण तिच्यात जमा व्हायची. ती काढायची, जागा पुसायची, नवी लावायची. हे सगळं माझी मोठी बहीण, लताताई करत होती. ती जळगाव जामोदला दिलेली, तिथल्या अंगणवाडीत काम करते. घर, नवरा, मुलगी तिकडे ठेवून ती बापासाठी इकडे येऊन राहिली होती. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती.

मी तीन दिवसांसाठी गेलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ताई औषधं आणायला बुलडाण्याला गेली. जाताना तिनं मला सगळं दाखवलं, पिशवी कुठे आहे, पाणी कुठे, कापूस कुठे. बस गेली असेल-नसेल, तेवढ्यात पिशवी सुटली. बाबांनी फक्त चादर थोडी वर ओढली. वास आला तेव्हा मला कळलं. मी उठलो, कापूस घेतला, पाण्याचं भांडं घेतलं, खाटेपर्यंत गेलो आणि तिथे उभा राहिलो. माझे हात पुढे जाईनात. किती वेळ उभा होतो, सांगता येत नाही. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे पाहिलं, आणि म्हणाले, "राहू दे बेटा. लता येईन. तू हात धू."

माझ्या हाताला काहीच लागलेलं नव्हतं. तरी मी मोरीत गेलो आणि साबण लावून हात धुतले. मग ओसरीत जाऊन बसलो. ताई येईपर्यंत, जवळजवळ दोन तास, बाबा तसेच पडून होते. ताई आली, आत गेली. भांड्यांचे, पाण्याचे आवाज येत राहिले. बाहेर आल्यावर तिनं मला चहा ठेवू का, एवढंच विचारलं.

तिसऱ्या दिवशी मी निघालो. भादव्यात यंत्र बंद करायचं होतं. बंद करण्याआधी भांड्याच्या आत शिरून शेवटची सफाई करावी लागते. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख, हातात मोज्यांवर मोजे, तोंडाला पट्टी. आत उकडतं. गुडघ्यांवर सरकत, धागा न सुटणाऱ्या कापडानं, अल्कोहोल लावून, पोलादाचा वीत-वीत भाग पुसत जायचं. दिसत नाही अशी घाण पुसायची. मी दिवसभर ते करत राहिलो, कंटाळलो नाही. कुणी म्हणेल, बापाचं जमलं नाही म्हणून हे केलं. तसं नव्हतं. हे मला आधीपासून आवडायचं, हे स्वच्छ होतं. बापाची आठवण त्या दिवशी मला एकदाही आली नाही. लाज वाटायची ती याचीच.

मग बेकिंग सुरू झालं. भांडं दीडशे अंशांवर नेऊन ठेवलं. आतून काय काय निघतंय ते एक उपकरण सांगत असतं. पडद्यावर आकड्यांपुढे काठ्या उभ्या राहतात, एकेका वायूची एकेक काठी. पाण्याची काठी अठरा या आकड्यावर. पहिले दिवस ती सगळ्यांत उंच. रोज सकाळी तिच्याकडे पाहायचं. ती खाली आली, की भिंत वाळली.

बाबा रोज संध्याकाळी सहाला फोन करत. म्हणजे ताई लावून देई आणि त्यांच्या कानाशी धरी. त्यांचा आवाज दिवसेंदिवस पातळ होत चालला होता.

"काय म्हनते तुही भीत?"

"वाळतेय बाबा. अठरा अजून वर आहे."

"उतरन. घाई नको करू. अर्धी वाळली भीत सोडू नाई."

फोन परत घेऊन ताई विचारायची, "कवा येऊन राह्यला?" मी म्हणायचो, अठरा उतरला की निघतो. ती म्हणायची, "मी काही अठरा-गिठरा समजत नाई बापा. दोन दिस ये." बाबा मागून खोल गेलेल्या आवाजात म्हणायचे, "लता, त्याले हटकू नको. त्याचं काम चालू हाय."

आमच्याकडे पाळीपाळीनं चौघं बेकिंगवर लक्ष ठेवतात. एकजण नसला तर तिघं ठेवतात. खरं तर ते आपोआप चालतं. आमच्या प्रमुखांना बाबांचा आजार माहीत होता. ते दोनदा स्वतःहून म्हणाले, "तू जाऊन ये." दोन्ही वेळा मी म्हणालो, "बाबांना आता बरं आहे, सर." घरी यंत्राचं सांगत होतो, यंत्रापाशी घरचं. दोन्हीकडे मला कुणी अडवत नव्हतं, आणि म्हणूनच दोन्हीकडे खोटं बोलावं लागत होतं.

एका सोमवारी सकाळी अठरावरची काठी बसली. चांगली खाली बसली, वर आलीच नाही. मी वहीत नोंद केली. सोबतचे लोक म्हणाले, यंदा लवकर झालं. त्या संध्याकाळी बाबांनी विचारलं, आणि मी म्हणालो, "अजून नाही, बाबा."

मंगळवारी तेच. बुधवारी बाबा म्हणाले, "मले एक सांग. तापोलेली भीत इतले दिस वली राह्यते का?"

मी त्यांना शास्त्र सांगितलं. पोलादाच्या पोटात खोलवर गेलेलं पाणी कसं हळूहळू वर येतं, वरून कोरडं दिसलं तरी आत कसं राहतं. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. फक्त त्या बुधवारी, त्या भिंतीबद्दल ते खरं नव्हतं. भिंतीच्या बाबतीत आयुष्यभर कुणाचं न ऐकलेल्या त्या माणसानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "असन बाबू. लोखंडाची भीत मले नाई समजत. तुले समजते."

त्यांना खरंच पटलं होतं, की त्यांनी मला वाट काढून दिली, हे मला आजही माहीत नाही. मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला आहे. दोन्हीकडे माझं तोंड लपवायला जागा नाही.

पुढे हेलियमचे दिवस आले. यंत्राला एक छोटी काचेची खिडकी आहे. तिच्यातून पाहिलं तर आत सगळीकडे फिकट, गुलाबीसर उजेड भरलेला, पहाटेच्या धुक्यात दिवा लावावा तसा. हेलियमचे कण भिंतीवर टकटक करून उरलंसुरलं बाहेर काढतात. मग बोरॉनचा लेप. मग पहिला प्लाझ्मा. तो मागच्या कुठल्याही वर्षापेक्षा जास्त टिकला. कडेची ऊब टिकून राहिली, आलेख सपाट पठारासारखा सरळ गेला, खोलीत टाळ्या झाल्या. मलाही आनंद झाला. अगदी खरा, लहान मुलासारखा. त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत ताईचा फोन आला. रडत नव्हती ती. म्हणाली, "बाबा गेले. सकाळीच गेले. तुले लावला होता, तू उचलला नाई."

पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात वंदना झाली, मग एकेकजण बोलायला उठला. बाबांच्या बरोबरीनं काम केलेले संपतकाका उभे राहिले. म्हणाले, "पोरगा काऊन नाई आला, असं म्यां मिस्तरीले इचारलं. तर मिस्तरी म्हने, संपत, तो सूर्य बनवाची भीत बांधून राह्यला. अशी भीत सोडून येता येत नाई. मिस्तरी लई गर्वानं सांगे." सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. त्या नजरांत आदर होता. मी पांढऱ्या कपड्यांत हात जोडून बसलो होतो. उठून खरं सांगता आलं असतं. मी हात जास्त घट्ट जोडले.

भिंतीला आठवण असते, असं आमच्या धंद्यात गमतीनं म्हणतात. कालच्या प्रयोगात तिनं जे प्यायलं, ते उद्याच्या प्रयोगात ती सोडते. म्हणून तिच्यावर आधी काय काय गुजरलं याची वही ठेवावी लागते. माझं खोटंही असंच मुरत गेलं. तिकडे प्रयोगशाळेत कुणी कुणाला सांगितलं कोण जाणे, पण वडील गेले तरी यंत्र न सोडणारा माणूस म्हणून माझं नाव झालं. नव्या मुलामुलींना ते सांगितलं जाऊ लागलं. मी कधी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

यंदाच्या बेकिंगला माझ्या हाताखाली कृतिका नावाची मुलगी आहे. कोल्हापूरची, कामाला चोख, बोलायला धीट. बेकिंगच्या चौथ्या दिवशी ती पडद्यासमोर बसून डोळे पुसत होती. विचारलं, तर आईला दवाखान्यात ठेवलंय म्हणाली.

"मग तू इथे काय करतेस?"

"बेकिंग सोडून कसं जाऊ, सर?" ती म्हणाली. "भाऊ आहे तिथं. आणि तुम्ही तर वडिलांच्या वेळी…"

तिनं वाक्य अर्धं सोडलं, आदरानं सोडलं. मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो आणि पहिल्यांदा कुणालातरी सगळं सांगितलं. पिशवीचं, हात धुतल्याचं, सोमवारी बसलेल्या काठीचं. ती ऐकत होती तसा तिचा चेहरा बदलत गेला. शेवटी म्हणाली, "म्हणजे तुम्ही घाबरला होता?"

"हो."

"बस्स, एवढंच?"

"एवढंच."

तिनं वही मिटली, चष्मा पुसला. "मी दुपारच्या गाडीनं जाते, सर," म्हणाली. दारापर्यंत गेल्यावर ती वळली, माझ्याकडे एकदा पाहून निघून गेली. इतके दिवस ती माझ्याकडे जशी पाहायची, तशी ती आता पाहणार नाही, हे मला कळलं. ते बरोबरच होतं.

आठ दिवसांनी कृतिका परत आली, आई घरी आली होती. त्या संध्याकाळी मी नांदुऱ्याची गाडी धरली. यंत्र तापतच होतं. मी नसल्यानं त्याला काही फरक पडणार नव्हता, तीन वर्षांपूर्वीही पडणार नव्हता.

नांदुऱ्याहून जळगाव जामोदची बस. दोन्ही बाजूंना कपाशी फुटू लागलेली, सोयाबीनची सोंगणी चाललेली, समोर सातपुड्याची निळी रेघ. ताई नुकतीच अंगणवाडीतून आली होती. परातीत उडीद घेऊन निवडत होती. मला पाहून म्हणाली, "काऊन रे, फोन ना काही? बरं हाय ना सगळं?" मी तिच्यासमोर खाली बसलो आणि सांगायला सुरुवात केली. अठरा सोमवारीच उतरला होता. मला रजा मिळत होती. मला बाबांजवळ यायची भीती वाटत होती. बाबांशी मी शेवटचे दिवस खोटं बोललो.

ताई खडे निवडत राहिली. माझं संपल्यावर म्हणाली, "बाबाचं नको सांगू मले. बाबानं तुले तवाच सोडून देल्लं असन. ते कोनाचंच धरत नसत." मग तिनं परात बाजूला ठेवली. "माहं काय?"

मला कळलं नाही. "तुझं काय, ताई?"

"हे पाय. आजून इचारूनच राह्यला." ती माझ्याकडे पाहत नव्हती. "तीन महिने मी पाठ टेकली नाई बे. घंटा-घंटा पिशवी. तू फोनवर भीत-भीत करे, अन् मी मनात म्हनो, हा आला का मी आतल्या खोलीत जाईन, दार लावीन अन् एक दुपार निजीन. एकच दुपार. तुह्याकून मले दुसरं काईच नोतं पाह्यजे. तू बाबाचं नसतं केलं तरी चाललं असतं. मले उठोलं असतं, म्यां केलं असतं."

अंगणात कोंबडी ओरडत होती. ताईनं पदरानं तोंड पुसलं.

"बाबानं श्वास सोडला ना, तवा माह्या मनात पह्यलं काय आलं, सांगू? आलं, का आता निजाले भेटन. रडू मंग आलं. पह्यलं ते आलं. हे म्यां कोनालेच नाई सांगतलं. तुह्या भाऊजीले बी नाई. तीन वरसं झाले, मी बाबाच्या फोटोकडे पाहू शकत नाई."

मी तीन वर्षं माझी लाज जपून ठेवली होती, तिला पुस्तकासारखी रोज उघडून वाचत होतो. त्यात बाबा होते, मी होतो, माझी भिंत होती. ताई कुठल्याही पानावर नव्हती. आणि जी लाज माझ्या वाट्याची होती, तिचा मोठा भाग ती इथे उचलून बसली होती. मी तिची माफी मागितली का? शब्द निघाले असतील. मला आठवतं ते एवढंच, की मी म्हणालो, "ताई, आता जाऊन नीज. मी आहे इथे. कुणी आलं तर मी पाहतो."

"आता काय बापा," ती म्हणाली. पण उठली. आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.

मी ओसरीत बसलो. ऊन भिंतीवरून खाली सरकत होतं. परातीतला उडीद मी थोडा निवडून पाहिला, मला खडे नीट ओळखता येईनात. बऱ्याच वेळानं शेजारच्या एक बाई विरजण मागायला आल्या. मी उठून दारात आडवा उभा राहिलो आणि हळू आवाजात म्हणालो, "ताई झोपली आहे."

आतून ताईचा आवाज आला, "झोपली नाई मी. कोन हाय?"